आहारविकारांवरील बाह्यरुग्ण उपचार : न्युरेम्बर्ग परिसरातील मराठी कुटुंबांसाठी

न्युरेम्बर्ग, फ्यूर्थ आणि एर्लांगन ही तीन शहरे एकमेकांना जवळजवळ खेटून वसलेली आहेत. एर्लांगनमधील सीमेन्स आणि विद्यापीठ, हेर्त्सोगेनाउराखमधील आदिदास, प्यूमा आणि शेफ्लर यांच्यामुळे या परिसरात मराठी अभियंते, संगणकतज्ज्ञ आणि विद्यार्थी येऊन राहिले आहेत. येथील आरोग्यव्यवस्थेशी बहुतेकांची ओळख ताप, दातदुखी किंवा बाळंतपण यांच्या निमित्ताने होते. पण घरातील मुलगी जेवण टाळू लागली, एखादा विद्यार्थी मध्यरात्री लपून खाऊ लागला, किंवा खाल्लेले मुद्दाम उलटून टाकण्याची सवय एखाद्या नोकरदार स्त्रीला जडली, तर कोणते दार ठोठवायचे हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या दारापर्यंतची वाट सांगण्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट प्रारंभीच ध्यानात घ्यावी. बाह्यरुग्ण मानसोपचाराचे एक सत्र साधारणपणे पन्नास मिनिटांचे असते आणि ते बहुधा आठवड्यातून एकदा होते. आठवड्याचे उरलेले १६७ तास रुग्ण आपल्याच घरी, आपल्याच स्वयंपाकघरात, कचेरीत किंवा शाळेत असतो. त्यामुळे या उपचाराचे यश चिकित्सकाच्या कौशल्यावर जितके अवलंबून असते, तितकेच घरातील ताटाभोवती काय बोलले जाते आणि काय टाळले जाते यावरही असते.

आहारविकार म्हणजे काय?

ॲनोरेक्सिया नर्व्होसा या विकारात माणूस अन्न इतके कमी करतो की शरीराचे वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरते. तरीही वजन वाढण्याची भीती किंवा खाण्याला होणारा विरोध सुटत नाही. बुलिमिया नर्व्होसामध्ये थोड्या वेळात ताबा सुटून पुष्कळ खाल्ले जाते आणि नंतर उलटी, रेचके, कडक उपास किंवा अतिव्यायाम करून त्याची भरपाई करण्याचा प्रयत्न होतो. अतिभक्षण विकारात, म्हणजे बिंज ईटिंगमध्ये, ताबा सुटून खाणे असते पण अशी भरपाई नसते. मागे उरतात ती लाज आणि स्वतःविषयीची घृणा. आकाराच्या चिंतेमुळे नव्हे, तर पदार्थाचा पोत, वास किंवा गिळण्याची भीती यांमुळे अन्न टाळणाऱ्यांसाठीही अलीकडच्या वर्गीकरणांत स्वतंत्र निदान आहे.

या विकारांचा वैद्यकीय इतिहास जुना आहे. लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी १८७३ मध्ये स्वतंत्रपणे ॲनोरेक्सियाचे वर्णन केले. जेराल्ड रसेल यांनी बुलिमियाला १९७९ मध्ये स्वतंत्र ओळख दिली. अतिभक्षणाला अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात पूर्ण निदानाचा दर्जा २०१३ मध्ये मिळाला. आधुनिक समज घडवणाऱ्यांत हिल्डे ब्रुख यांचे नाव अग्रभागी येते. त्या जर्मनीत जन्मल्या आणि नाझी राजवट येताच १९३३ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. उपाशी राहणे हा हट्ट नसून स्वतःच्या आयुष्यावर थोडातरी ताबा मिळवण्याची ती धडपड असते, ही त्यांची मांडणी आजही उपचारकांना उपयोगी पडते.

निदानाच्या सर्व अटी पूर्ण होत नसल्या तरी खाण्याशी असलेले नाते बिघडलेले असू शकते. सतत मोजमाप, ‘चांगले’ आणि ‘वाईट’ पदार्थ अशी कठोर विभागणी, चारचौघांत जेवणे टाळणे, खाल्ले म्हणून स्वतःला व्यायामाची शिक्षा करणे ही त्याची रूपे आहेत. मदत मागण्यासाठी निदानाच्या शिक्क्याची वाट पाहायची नसते. आजार लवकर हाती लागला तर उपचार सोपा जातो, आणि हे येथे विशेष महत्त्वाचे आहे, कारण मानसिक आजारांमध्ये ॲनोरेक्सियाचा मृत्युदर सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे.

मराठी घरात ओळख उशिरा का पटते?

पहिले कारण उपवास. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र अशी जेवण सोडण्याची प्रतिष्ठित कारणे आपल्याकडे वर्षभर उपलब्ध असतात. उपवास हा आजार नव्हे. परंतु आधी चतुर्थीपुरता असलेला उपवास आठवड्यातून तीनदा होऊ लागला, पारण्याचे जेवणही टळू लागले, किंवा उपवास मोडावा लागल्यावर भक्तीत खंड पडल्याच्या रुखरुखीऐवजी वजनाची धास्ती दिसू लागली, तर व्रताच्या आड दुसरेच काही चालले आहे असे समजावे. दिवसातून दोनच वेळा जेवण्याची पद्धतही महाराष्ट्रात लोकप्रिय झाली आहे. ती काहींना मानवत असेल, पण ज्याला ताबा सुटून खाण्याची प्रवृत्ती आहे, त्याच्यासाठी जेवणांमधील दीर्घ अंतर हेच पुढच्या झटक्याचे निमित्त ठरते.

दुसरे कारण म्हणजे शरीरावर सहज केली जाणारी टीका. ‘किती वाळलीस’, ‘जरा सुटलायस’, ‘लग्न ठरायचंय, आता तरी जपून खा’ ही वाक्ये आपल्याकडे जिव्हाळ्याने बोलली जातात. व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांचा पहिला शेराही बहुधा हाच असतो. आजाराच्या पहिल्या टप्प्यात उतरलेल्या वजनाचे कौतुकच होते आणि आजाराला त्यातून बळ मिळते.

तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील खंडेलवाल, शरण आणि सक्सेना यांनी १९९५ मध्ये पाच तरुणींची उदाहरणे प्रसिद्ध केली. खाण्यास नकार, सतत उलट्या, घटलेले वजन, थांबलेली पाळी ही लक्षणे त्यांच्यात होती, परंतु पाश्चात्त्य ग्रंथांत वर्णिलेली ‘मी जाड आहे’ ही खात्री नव्हती. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनाही असे रुग्ण आढळले. आपल्या मुलीने ‘मला बारीक व्हायचे नाही, पण पोट भरल्यासारखे वाटते, घशाखाली उतरत नाही’ असे सांगितले तर तेवढ्यावरून आहारविकाराची शक्यता रद्द होत नाही. अशा मुली पोटाच्या डॉक्टरांकडे महिनोन्‌महिने फिरत राहतात.

परदेशात वाढणाऱ्या पिढीबाबतही एक जुना इशारा आहे. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरातील शाळकरी मुलींचा अभ्यास ममफर्ड आणि व्हाइटहाउस यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दक्षिण आशियाई कुटुंबांतील मुलींमध्ये बुलिमियाचे प्रमाण गोऱ्या मुलींपेक्षा अधिक आढळले. ‘हे गोऱ्यांचे आजार’ ही समजूत त्यामुळे टिकत नाही. हे आजार केवळ मुलींचे आहेत ही समजूतही तशीच चुकीची. व्यायामशाळा, प्रथिनांची भुकटी आणि ‘शरीर कमावणे’ यांच्या आड मुलांचा आजार वर्षानुवर्षे झाकून राहतो.

बाह्यरुग्ण उपचार कोणासाठी?

आहारविकारांवरील जर्मन वैद्यकीय मार्गदर्शिका २०१८ मध्ये सुधारली गेली. तिच्यानुसार मानसोपचार हाच मुख्य उपचार आहे. बुलिमिया आणि अतिभक्षणाचे बहुसंख्य रुग्ण, तसेच प्रकृती स्थिर असलेले ॲनोरेक्सियाचे रुग्ण, घरी राहून उपचार घेऊ शकतात. ॲनोरेक्सियावर मान्यताप्राप्त औषध नाही. बुलिमियासाठी जर्मनीत फ्लुऑक्सेटिन हे एकच औषध मान्य आहे, तेही मानसोपचाराच्या जोडीला.

घरी राहून केलेल्या उपचाराने ॲनोरेक्सियात सुधारणा होते का, याचे उत्तर जर्मनीतच शोधले गेले. दहा विद्यापीठीय केंद्रांत २४२ प्रौढ स्त्रियांवर झालेला ‘अँटॉप’ हा अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्यात मनोगतिक उपचार, बोधात्मक वर्तनोपचार आणि घरच्या डॉक्टरांच्या सहभागासह सुधारित नेहमीचा उपचार यांची तुलना होती. तिन्ही गटांत दहा महिन्यांत वजन वाढले आणि कोणताही एक गट स्पष्टपणे पुढे गेला नाही. उपचार संपल्यावर वर्षभराने मात्र पूर्ण बऱ्या झालेल्यांचे प्रमाण मनोगतिक गटात नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक होते. यावरून कुटुंबांनी घ्यायचा बोध एवढाच की पद्धतीच्या नावापेक्षा अनुभवी चिकित्सक, नियमितपणा आणि वैद्यकीय देखरेख अधिक मोलाची आहे. आजार वर्षभरात संपलाच पाहिजे अशी अट मनाशी बांधू नये.

काही परिस्थितींत घरी उपचार पुरे पडत नाहीत. वजन झपाट्याने घसरणे, भोवळ येणे, नाडी फार मंद होणे, रक्तातील पोटॅशियम उतरणे, दिवसातून अनेकदा उलट्या, आत्महत्येचे विचार, किंवा कित्येक आठवडे उपचार घेऊनही प्रकृती खालावत जाणे अशी लक्षणे दिसल्यास दिवस-रुग्णालय किंवा पूर्ण भरती आवश्यक ठरते. दिवस-रुग्णालयाला येथे टागेसक्लिनिक म्हणतात. वजनाचा आकडा या लेखात मुद्दाम दिलेला नाही, कारण आजारी मन अशा आकड्याचे ध्येय करून टाकते. तो निर्णय डॉक्टरांनी तपासून घ्यायचा असतो.

पहिले दार : ११६११७

जर्मनीत मानसोपचारासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, हे अनेकांना माहीत नसते. सार्वजनिक आरोग्यविमा असलेल्या व्यक्तीला थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे प्राथमिक भेट मागता येते. एप्रिल २०१७ पासून ही भेट ‘प्स्युखोथेरापॉयटिशे श्प्रेखश्टुंडे’ या नावाने नियमित झाली आहे. भेट मिळत नसेल तर ११६११७ या क्रमांकावरील टेर्मिनसर्व्हिसश्टेले, म्हणजे वेळ मिळवून देणारी सेवा, साधारण चार आठवड्यांत ती मिळवून देते. दूरध्वनीवर एवढेच वाक्य पुरते : ‘इश म्योश्टे आइनेन टेर्मिन फ्यूर दी प्स्युखोथेरापॉयटिशे श्प्रेखश्टुंडे.’ अर्थात, मला मानसोपचाराच्या प्राथमिक भेटीची वेळ हवी आहे.

पुढील पायऱ्या अशा आहेत :

१. प्राथमिक भेट. प्रौढांसाठी एकूण १५० मिनिटांपर्यंत, मुलांसाठी २५० मिनिटांपर्यंत. शेवटी एक लेखी कागद मिळतो. त्याला पीटीव्ही ११ म्हणतात. त्यावर संभाव्य निदान आणि पुढची शिफारस असते. तो जपून ठेवावा, कारण पुढे प्रत्येक टप्प्यावर तो मागितला जातो.

२. तातडीचा उपचार, अकूटबेहांडलुंग. प्रकृती फार अस्थिर असेल तर पन्नास मिनिटांची बारा सत्रे मिळू शकतात. तज्ज्ञाने तशी निकड नोंदवली असल्यास ११६११७ वरून ही वेळ दोन आठवड्यांत मिळवून देण्याची तरतूद आहे.

३. चाचणी सत्रे. प्रौढांसाठी किमान दोन, कमाल चार. रुग्ण आणि चिकित्सक यांचे जमते का हे पाहण्यासाठीच ती आहेत. न जमल्यास चिकित्सक बदलणे हा उद्धटपणा नव्हे.

४. वैद्यकीय अभिप्राय, कोन्सिलियारबेरिश्ट. चिकित्सक डॉक्टर नसून मानसशास्त्रज्ञ असेल तर घरच्या किंवा अन्य डॉक्टरांनी शारीरिक तपासणी करून हा कागद द्यायचा असतो.

५. विमासंस्थेकडे अर्ज. अल्पकालीन उपचार बारा-बारा सत्रांच्या दोन टप्प्यांत मंजूर होतो. दीर्घकालीन वर्तनोपचार ८० सत्रांपर्यंत, मनोगतिक उपचार १०० सत्रांपर्यंत आणि प्रणालीय उपचार ४८ सत्रांपर्यंत जाऊ शकतो. मुलांच्या उपचारात साधारण चार सत्रांमागे एक सत्र पालकांसाठी धरले जाते.

खरी अडचण पहिल्या भेटीनंतर सुरू होते. जर्मनीच्या संघीय मानसोपचारतज्ज्ञ परिषदेने २०१९ च्या विमानोंदींवरून काढलेल्या निष्कर्षानुसार प्राथमिक भेट आणि प्रत्यक्ष उपचार यांच्यामध्ये सरासरी १४२ दिवस गेले होते. या काळात स्वस्थ बसू नये. एकाच वेळी अनेक चिकित्सकांच्या यादीत नाव द्यावे आणि प्रत्येक नकाराची तारीख लिहून ठेवावी. विमासंस्था वेळेत उपचार देऊ शकत नसेल, तर सामाजिक विमा संहितेच्या पाचव्या ग्रंथातील कलम १३, उपकलम ३ नुसार खासगी व्यवसाय करणाऱ्या परवानाधारक चिकित्सकाच्या शुल्काची प्रतिपूर्ती मागता येते. या मार्गाला कोस्टेनएरश्टाट्टुंग म्हणतात. विमासंस्था पहिल्या अर्जाला नकार देऊ शकते, त्याविरुद्ध लेखी हरकत घेता येते. नकारांची यादी आणि पीटीव्ही ११ हेच त्यातील मुख्य पुरावे असतात.

परिसरातील संस्था

न्युरेम्बर्गमधील ‘डिक उंड ड्यून’ ही संस्था आहारविकारांविषयी समुपदेशन करते. नावाचा शब्दशः अर्थ ‘जाड आणि बारीक’. पण जर्मन वाक्प्रचारात याच शब्दजोडीचा अर्थ ‘बऱ्यावाईट काळात सोबत’ असाही होतो. रुग्णांप्रमाणे नातेवाइकांनाही तेथे सल्ला मिळतो. समुपदेशन म्हणजे मानसोपचार नव्हे, तरी प्रतीक्षेच्या काळात आणि ‘हा आजारच आहे का’ या पहिल्या शंकेसाठी ही जागा योग्य आहे.

क्लिनिकुम न्युरेम्बर्ग या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात मनोकायिक औषधशास्त्र आणि मानसोपचाराचा विभाग आहे. बालक आणि किशोरांसाठी स्वतंत्र मानसोपचार विभागही आहे. एर्लांगनच्या विद्यापीठ रुग्णालयातही हे दोन्ही विभाग आहेत. रुग्णालयाशी जोडलेले बाह्यरुग्ण विभाग गंभीर आजाराच्या रुग्णांना डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ते यांची मदत एकत्र देतात. चिकित्सक घडवणाऱ्या प्रशिक्षणसंस्थांचे बाह्यरुग्ण विभागही विचारून पाहावेत. तेथे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली उपचार होतात आणि प्रतीक्षा कधीकधी कमी असते.

मुलांसाठी वेगळे परवानाधारक चिकित्सक असतात. ते एकविसाव्या वर्षापर्यंतच्या रुग्णांना घेतात. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना सामाजिक कायद्यानुसार स्वतःहूनही उपचार मागता येतो. ‘हाइलप्राक्टिकर’ ही पदवी लावणाऱ्यांचे शुल्क सार्वजनिक विमा साधारणपणे देत नाही, हेही लक्षात ठेवावे.

सत्रांत काय घडते?

वर्तनोपचाराचा सर्वाधिक अभ्यासलेला आराखडा ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांच्या संशोधनातून उभा राहिला. बुलिमिया आणि अतिभक्षणासाठी त्यात साधारण वीस आठवड्यांत वीस सत्रे असतात, वजन फार कमी असेल तर जवळजवळ दुप्पट. रुग्ण काय, केव्हा आणि कोणत्या मनःस्थितीत खाल्ले याची नोंद ठेवतो. या नोंदीत उष्मांक मोजायचे नसतात. पहिले उद्दिष्ट वजन कमी करणे नसते, खाण्याला नियमितपणा आणणे असते. तीन जेवणे, मध्ये दोन-तीन छोटी खाणी, आणि दोन खाण्यांमध्ये चार तासांहून अधिक अंतर नाही. बहुतेकांना आश्चर्य वाटते, पण झटके कमी होतात ते वेळेवर खाल्ल्याने. उपाशी राहणे, कडकडीत भूक, ताबा सुटणे, अपराधभाव, पुन्हा उपाशी राहणे या चक्राचा पहिला दुवा तेथे तुटतो.

पुढे टाळलेले पदार्थ हळूहळू ताटात परत आणले जातात. आरसा, वजनकाटा आणि इतरांशी तुलना या सवयी तपासल्या जातात. ‘माझी किंमत माझ्या आकारावर ठरते’ या समजुतीची पाळेमुळे शोधली जातात. शेवटच्या टप्प्यात आजार परतण्याच्या खुणा ओळखण्याची लेखी योजना होते. किशोरवयीनांच्या ॲनोरेक्सियात कुटुंबाला उपचारात घेणे महत्त्वाचे मानले जाते. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातून पुढे आलेल्या पद्धतीत प्रारंभी जेवणाची जबाबदारी आईवडील घेतात आणि प्रकृती सुधारेल तशी ती मुलाकडे परत सोपवतात.

मानसोपचाराच्या जोडीला घरच्या डॉक्टरांची देखरेख अनिवार्य आहे : वजन, रक्तदाब, नाडी, हृदयाचा आलेख, रक्तातील क्षार. शाकाहारी रुग्णांनी बी-१२ आणि लोह यांची तपासणी आवर्जून मागावी. फार दिवस उपाशी राहिलेल्या व्यक्तीला एकदम भरपूर खाऊ घालणे जिवावर बेतू शकते, कारण रक्तातील फॉस्फेट अचानक कोसळते. ‘आज पोटभर जेव, बरी होशील’ हा आग्रह अशा वेळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. उलट्या होत असतील तर लगेच दात घासू नयेत, साध्या पाण्याने चूळ भरावी आणि दंतवैद्यास खरे सांगावे. आहारतज्ज्ञाचा सल्ला डॉक्टरांच्या आवश्यकतापत्रावर घेतल्यास पुष्कळ विमासंस्था खर्चाचा वाटा उचलतात, पण तो मानसोपचाराला पर्याय नाही.

विमा, नोकरी आणि गोपनीयता

अनेक मराठी व्यावसायिक ‘कंपनीला कळले तर?’ या धास्तीने मागे राहतात. चिकित्सक आणि डॉक्टर दंडसंहितेच्या कलम २०३ खाली गोपनीयतेने बांधलेले असतात. आजारपणाच्या रजेची नोंद मालकाकडे जाते तेव्हा तिच्यात केवळ कालावधी असतो, निदान नसते. एका आजारासाठी पहिले सहा आठवडे पगार मालक देतो. त्यानंतर सार्वजनिक विमासंस्था एकूण पगाराच्या ७० टक्के, पण निव्वळ पगाराच्या ९० टक्क्यांहून अधिक नाही, इतका आजारभत्ता देते. तीन वर्षांच्या मुदतीत एका आजारासाठी, मालकाच्या सहा आठवड्यांसह, ७८ आठवड्यांची मर्यादा आहे.

खासगी विमाधारकांनी आपला करार नीट वाचावा. काही करारांत सत्रांची वार्षिक मर्यादा असते, काहींत पूर्वपरवानगी लागते. नव्याने आलेले विद्यार्थी आणि भेटीला आलेले नातेवाईक यांच्या प्रवासी विम्यात मानसोपचार पुष्कळदा वगळलेला असतो. सार्वजनिक विम्यातून खासगीत जाण्याचा किंवा व्यवसाय-अक्षमतेचा विमा घेण्याचा विचार असेल तर पूर्वीच्या मानसोपचाराची माहिती अर्जात विचारली जाते आणि ती खरी द्यावी लागते. हा व्यावहारिक तोटा खरा आहे, पण त्यासाठी आहारविकाराचा उपचार लांबवणे हा महाग सौदा ठरतो.

कोणत्या भाषेत बोलायचे?

मानसोपचार बोलण्यावर चालतो, म्हणून भाषेचा प्रश्न गौण नाही. बव्हेरियाच्या वैद्यक संघटनेच्या संकेतस्थळावरील शोधयंत्रात चिकित्सक कोणत्या भाषा बोलतात हे पाहता येते. इंग्रजीत उपचार करणारे मिळू शकतात, मराठीची अपेक्षा मात्र धरू नये. दुभाष्याचा खर्च सार्वजनिक विमा मानसोपचारासाठी साधारणपणे देत नाही. मुलाला दुभाषी म्हणून बसवणे टाळावे. आपल्याच आजाराचे किंवा आईच्या दुःखाचे भाषांतर करण्याचा भार त्याच्यावर पडू नये.

भारतातील मराठी समुपदेशकाशी दूरस्थ बोलणे मनाला आधार देते. पण त्याचा खर्च येथील सार्वजनिक विमा देत नाही, आणि रक्ततपासणी किंवा संकटकाळातील धाव तिकडून शक्य नसते. त्यामुळे ते येथील उपचाराच्या जोडीला असावे, त्याच्या जागी नव्हे. सुटीत महाराष्ट्रात असताना गरज पडली तर भारत सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

चिकित्सकाला आपली संस्कृती समजावून सांगावी लागेल, हेही गृहीत धरावे. एकादशी म्हणजे काय, पाहुण्याने नको म्हटल्यावरही वाढणे हा आदर का मानला जातो, जेवण नाकारणे हा यजमानाचा अपमान का ठरतो, हे जर्मन चिकित्सकाला ठाऊक नसते. चांगला चिकित्सक ते विचारतो. विचारले नाही तर आपण सांगावे.

उरलेले १६७ तास

घरच्यांचे काम उपचार करण्याचे नसते. उपचार टिकेल असे वातावरण राखण्याचे असते. त्यासाठी काही गोष्टी अनुभवाने उपयोगी ठरल्या आहेत.

जेवणाची वेळ ठरलेली असावी आणि शक्यतो दिवसातून एक जेवण तरी सर्वांनी एकत्र घ्यावे. ताटावर बसल्यावर वजन, उष्मांक, डाएट हे विषय बंद ठेवावेत. हा नियम आईवडिलांनी स्वतःच्या शरीराविषयी बोलतानाही पाळावा. ‘एवढंच खाल्लंस?’ आणि ‘वा, आज सगळं संपवलंस!’ ही दोन्ही वाक्ये ताटाला परीक्षेचे रूप देतात. त्याऐवजी ‘मी शेजारी बसते, सावकाश जेव’ एवढे पुरते. उलट्या होत असतील तर जेवणानंतरचा तासभर फिरणे, पत्ते, गप्पा यांत सोबत काढावा. स्नानगृहाच्या दारावर पहारा ठेवल्याने लपवाछपवीच वाढते.

उपवासाविषयी कुटुंबाने उपचारकाळापुरता स्पष्ट निर्णय घ्यावा. आजारी, गर्भवती आणि वृद्ध यांना व्रतातून सूट देण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहे. तिचा आधार घेतल्याने धर्म बुडत नाही. मंडळातील गणेशोत्सव, दिवाळीचा फराळ, डिसेंबरात कचेरीत फिरणारे लेबकुखन हे प्रसंग आधीच चिकित्सकाशी बोलून घ्यावेत : किती वेळ थांबायचे, काय खायचे, कोणाच्या शेजारी बसायचे, कोणी ‘बारीक झालीस’ म्हटले तर काय उत्तर द्यायचे. गावाकडच्या वडीलधाऱ्यांना आजाराचा तपशील सांगणे बंधनकारक नाही. ‘डॉक्टरांनी सांगितलंय, तिच्या खाण्यावर आणि तब्येतीवर सध्या कोणी काही बोलायचं नाही’ एवढे एका जबाबदार व्यक्तीने आधीच कळवून ठेवावे.

पहिल्यांदा विषय काढताना जेवणाची वेळ टाळावी. आरोपाऐवजी निरीक्षण सांगावे : ‘गेले दोन महिने तू आमच्यासोबत जेवत नाहीस, मला काळजी वाटते. आपण दोघे एकदा कोणाशी बोलून येऊ.’ उत्तर बहुधा नकाराचे येईल. आठवड्याने पुन्हा विचारावे. प्रौढ व्यक्ती तयार नसेल तर आपण एकट्यानेही समुपदेशन केंद्रात जाऊन सल्ला घेऊ शकतो, हे विसरू नये.

तातडीच्या वेळी

शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, नाडी अनियमित होणे, रक्ताची उलटी, स्वतःला इजा करण्याचा तात्काळ धोका अशा वेळी ११२ वर रुग्णवाहिका बोलवावी. मानसिक संकटासाठी बव्हेरियाची क्रिझेनडीन्स्ट सेवा ०८०० ६५५ ३००० या निःशुल्क क्रमांकावर अहोरात्र चालते. न्युरेम्बर्गसह संपूर्ण मध्य फ्रांकोनियाचा भाग तिच्या कक्षेत येतो, आणि नातेवाइकांनाही तेथे फोन करता येतो. रात्री किंवा सुटीच्या दिवशी, जिवाला धोका नसलेल्या वैद्यकीय अडचणीसाठी ११६११७ हाच क्रमांक आहे.

दीर्घकालीन चित्र निराश करणारे नाही आणि भाबडे आशावादीही नाही. हान्स-क्रिस्टोफ श्टाइनहाउझेन यांनी २००२ मध्ये ॲनोरेक्सियाच्या ११९ अभ्यासमालिका एकत्र पाहिल्या, तेव्हा हयात रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे पूर्ण बरे झाले होते, एक तृतीयांश सुधारले होते आणि सुमारे पाचव्या हिश्शात आजार चिवटपणे टिकला होता. बरे होण्याची वाट सरळ नसते. परीक्षा, नोकरीतील बदल, बाळंतपण अशा वळणांवर आजार पुन्हा डोके वर काढतो. त्या वेळी आधी लिहून ठेवलेली योजना बाहेर काढून पुन्हा ११६११७ फिरवावा. पीटीव्ही ११ ची प्रत पारपत्राशेजारी ठेवली असेल तर तोही वेळ वाचतो.